मीलवर्मची शेती : अंड्यापासून अन्नापर्यंतचे टप्पे

खाद्य कीटकांची शेती पर्यावरणावर कमी भार टाकते हे विधान खरे आहे, पण त्याला दोन अटी आहेत आणि या लेखातील बऱ्याच सूचना त्या दोन अटींतूनच निघतात. पहिली अट कीटकांना काय खाऊ घातले जाते याची, आणि दुसरी त्यांना लागणारी ऊब कोठून आणली जाते याची. कीटक खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा शरीर उबदार ठेवण्यावर खर्च करत नाहीत, त्यामुळे खुराकाचा मोठा वाटा त्यांच्या वाढीकडे जातो. मात्र त्याच कारणाने ही ऊब पाळणाऱ्याला बाहेरून पुरवावी लागते. नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली मीलवर्मच्या, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या खाद्य अळीच्या, उत्पादनाचा जो हिशोब मांडला, त्यात हा दुहेरी स्वभाव स्पष्ट दिसतो. मीलवर्मपासून जेवढी प्रथिने १ हेक्टर जमिनीवर मिळतात, तेवढीच दुधातून मिळवायला सुमारे २.५ हेक्टर, कोंबडी किंवा डुकराच्या मांसातून मिळवायला २ ते ३.५ हेक्टर आणि गोमांसातून मिळवायला सुमारे १० हेक्टर जमीन लागते असे त्यात आढळले. ऊर्जेच्या बाबतीत मात्र मीलवर्मला तशी आघाडी मिळाली नाही, कारण खोली गरम ठेवण्यावर बरीच ऊर्जा खर्च झाली. म्हणून ज्याला ही शेती खरोखर टिकाऊ करायची आहे त्याने दळणाचा कोंडा किंवा भाजीच्या बाजारातील उरलेली, पण सुस्थितीतील गाजरे यांसारखा दुय्यम माल वापरावा, आणि आधीपासून उबदार असलेली किंवा चांगली झाकबंद करता येणारी जागा निवडावी. माणसाला थेट खाता येणारे धान्य विकत आणून आणि दिवसभर हीटर चालवून वाढवलेल्या अळीचा पर्यावरणाला फारसा लाभ नाही.

मीलवर्मच का?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात माणूस खात असलेल्या कीटकांच्या १,९०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. यातील बहुतेक रानातून गोळा केल्या जातात. सोयीने पाळता येतील अशा प्रजाती मोजक्याच आहेत. रातकिडे चवीला आणि पोषणाला उत्तम आहेत, परंतु त्यांना सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान आणि रोज स्वच्छ पाणी लागते, ते उड्या मारून निसटतात, आणि घरगुती रातकिड्याला होणाऱ्या डेन्सोव्हायरस या विषाणूच्या साथीने युरोप व अमेरिकेतील अनेक फार्म संपूर्ण रिकामे केले आहेत. टोळांना ताज्या हिरव्या चाऱ्याचा अखंड पुरवठा लागतो. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर झपाट्याने वाढतात, पण त्यांचा मुख्य उपयोग पशुखाद्यासाठी होतो.

मीलवर्म म्हणजे टेनेब्रियो मॉलिटर या काळ्या भुंगेऱ्याची पिवळी अळी. ती कोरड्या कोंड्यात राहते, कोंडाच खाते, गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही आणि आवाज करत नाही. पहिल्यांदा कीटकपालन करणाऱ्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण कोरडेपणा हे आहे : अन्न बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना, बुरशीला आणि माइट्सना (धुळीएवढ्या बारीक, कोळ्याच्या वर्गातील किडींना) ओल लागते, आणि या अळीला ती फारच थोडी लागते.

युरोपीय संघाने मानवी अन्न म्हणून परवानगी दिलेला पहिला कीटकही हाच होता. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये वाळवलेल्या मीलवर्मविषयी अनुकूल मत दिले आणि त्याच वर्षी जूनमध्ये परवानगी मिळाली. पुढे टोळ, घरगुती रातकिडा आणि 'लहान मीलवर्म' नावाची वेगळी प्रजाती यांची त्यात भर पडली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ प्रजातींना एकदम मान्यता दिली. नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे स्वतःच्या घरापुरते न पाळता विक्रीचा विचार असेल तर आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा यंत्रणेकडे प्रजाती, खुराक आणि प्रक्रिया या तिन्हींबाबत लेखी विचारणा करावी, आणि तीही पहिला ट्रे विकत घेण्याआधी.

जीवनचक्र आणि त्याचे वेळापत्रक

पुढचे सर्व काम चार अवस्थांच्या वेळापत्रकावर चालते. २५ ते २८ अंश तापमानात अंडी साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. अळीची अवस्था ८ ते १० आठवडे किंवा त्याहून थोडी अधिक चालते आणि या काळात अळी अनेकदा कात टाकते. त्यानंतर ती पांढरट, न खाणाऱ्या, जवळजवळ निश्चल कोषात जाते आणि आठवडाभरात किंवा थोडे उशिरा त्यातून भुंगेरा बाहेर येतो. नवा भुंगेरा आधी पांढुरका, मग तपकिरी आणि काही दिवसांनी काळा होतो. तो दोन ते तीन महिने जगतो, आणि मादी आपल्या आयुष्यात साधारण २५० ते ५०० अंडी घालते. तापमान २० अंशांच्या खाली गेले की हे सारे आकडे लांबतात. ३० अंशांच्या वर वाढ बिघडू लागते आणि ३५ अंशांच्या पुढे अळ्या मरू लागतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. भुंगेरे स्वतःची अंडी खातात, अळ्या कोष कुरतडतात आणि भुंगेरेही कोष सोडत नाहीत. त्यामुळे सगळ्या अवस्था एकाच डब्यात ठेवल्या तर वसाहत जिवंत राहते, पण उत्पन्न कधीच वाढत नाही. मीलवर्मच्या शेतीतील कौशल्य मोठ्या प्रमाणात या अवस्था वेळेवर वेगळ्या करण्यात आहे.

जागा आणि साहित्य

खोली अंधारी किंवा मंद उजेडाची, उंदीर शिरणार नाहीत अशी आणि कीटकनाशकाच्या वासापासून पूर्णपणे दूर असावी. उंदरांबाबतचा आग्रह केवळ नासधूस टाळण्यासाठी नाही : हायमेनोलेपिस डिमिन्यूटा हा उंदरांच्या आतड्यातला पट्टकृमी आपले मधले आयुष्य याच भुंगेऱ्याच्या शरीरात काढतो, आणि संसर्ग झालेला कीटक कच्चा खाल्ला तर तो माणसापर्यंत पोहोचू शकतो. कीटकनाशकाबाबतचे कारण तर उघडच आहे; डास मारण्यासाठी शेजारच्या खोलीत केलेली फवारणीसुद्धा संपूर्ण तुकडी मारू शकते.

ट्रे गुळगुळीत प्लास्टिकचे, किमान १० सेंटिमीटर उंच भिंतींचे आणि अन्नासाठी वापरण्यायोग्य दर्जाचे घ्यावेत. ६० × ४० सेंटिमीटर हे माप हाताळायला सोयीचे आहे. झाकण लावू नये. हवा खेळली नाही तर ओल साचते. ट्रे एकावर एक रचायचे असतील तर त्यांच्यामध्ये बोटभर तरी फट राहील अशी मांडणी असावी. याशिवाय तीन चाळण्या लागतात : विष्ठा गाळण्यासाठी सुमारे अर्धा मिलिमीटरची, मोठ्या अळ्या वेगळ्या करण्यासाठी २ ते ३ मिलिमीटरची, आणि भुंगेरे उचलण्यासाठी त्याहून थोडी मोठ्या छिद्रांची. एक चांगला वजनकाटा, तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र आणि धूळ रोखणारा मुखपट्टा हे राहिलेले साहित्य. मुखपट्टा ऐच्छिक समजू नये. कात आणि विष्ठेची बारीक धूळ श्वासावाटे जात राहिली तर पाळणाऱ्यालाच ॲलर्जी जडते, आणि एकदा ती जडली की हा व्यवसाय करणे कठीण होते.

पहिला साठा

सुरुवातीचा साठा विकत घेताना दोन फसव्या गोष्टी टाळाव्यात. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी 'जायंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मीलवर्म अळ्यांना कोषात जाऊ नये म्हणून हार्मोनसदृश रसायन दिलेले असते. त्या पैदाशीलाही नकोत आणि खायला तर नकोतच. दुसरी म्हणजे सुपरवर्म. ती दिसायला सारखी असली तरी वेगळी प्रजाती आहे आणि गर्दीत ठेवली तर कोषातच जात नाही.

विकत आणलेल्या अळ्या कोठे, कशावर वाढल्या हे सहसा कळत नाही. म्हणून ती पिढी फक्त पैदाशीसाठी ठेवावी आणि स्वतःच्या निवडलेल्या खुराकावर वाढलेल्या पुढच्या पिढीपासून खाण्यासाठी काढणी सुरू करावी. यात तीनेक महिने थांबावे लागते, पण अन्नाची जबाबदारी घ्यायची तर हे थांबणे अपरिहार्य आहे.

कोरडा खुराक

गव्हाचा कोंडा हा या अळीचा मुख्य आहार. फक्त कोंड्यावरही ती वाढते, परंतु त्यात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास वाळवलेले यीस्ट किंवा दुसरा प्रथिनयुक्त दुय्यम माल मिसळला तर वाढीचा काळ कमी होतो आणि मृत्यूही घटतात. कोंडा वापरण्याआधी त्यातील माइट्स, सोंडे आणि त्यांची अंडी मारणे आवश्यक आहे. यासाठी कोंडा उणे १८ अंशांवर किमान आठवडाभर गोठवावा किंवा पातळ थरात ओव्हनमध्ये ६० ते ७० अंशांवर तास-दोन तास तापवून पूर्ण थंड करावा. गोठवलेला कोंडा पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, अन्यथा हवेतील बाष्प त्यावर जमते आणि आपण ज्या ओलीपासून बचाव करतो आहोत तीच आत शिरते.

खुराकाच्या शुद्धतेवर मला विशेष भर द्यावासा वाटतो. अळी आपण संपूर्ण खातो. साल नाही, हाड नाही, टाकून देण्याचा भाग नाही. त्यामुळे खुराकातील कॅडमियमसारखा जड धातू तिच्या शरीरात साचला तर तो सरळ आपल्या ताटात येतो, आणि मीलवर्ममध्ये कॅडमियम साचतो हे प्रयोगांतून दिसले आहे. कीटकनाशकाचे अंश असलेला किंवा धुरी दिलेला धान्यमाल तर अळ्यांनाच मारतो. बुरशी लागलेला कोंडा, हॉटेलातील उष्टे, मांस किंवा शेण यांपैकी काहीही खाण्यासाठी वाढवलेल्या कीटकाला देऊ नये. युरोपीय संघात पाळलेले कीटक कायद्याने पाळीव पशूंमध्ये मोडतात आणि त्यांना स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न वा विष्ठा घालण्यास तेथे बंदी आहे. 'कचऱ्यापासून प्रथिने' ही कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी माणसाच्या अन्नाच्या बाबतीत ती येथेच थांबवावी लागते.

ओला खुराक, ओल आणि माइट्स

मीलवर्म कोरड्या कोंड्यातील थोड्याशा आर्द्रतेवरही तग धरते, परंतु गाजराचे तुकडे मिळाले तर ती स्पष्टपणे लवकर वाढते. गाजर याकरिता योग्य आहे की ते हळूहळू सुकते, पाणी सोडत नाही आणि लवकर बुरशीत नाही. बटाटाही चालतो. काकडी, टोमॅटो किंवा रसाळ फळे टाळावीत. गाजर धुऊन, पूर्ण पुसून, जाडसर चकत्या करून आठवड्यातून दोन-तीनदा कोंड्याच्या वर ठेवावे, आत पुरू नये. प्रमाणाची एकच कसोटी आहे : आज ठेवलेले तुकडे उद्यापर्यंत संपले किंवा चामड्यासारखे सुकले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी ओलसर तुकडा उरला असेल तर तो उचलावा आणि पुढच्या वेळी निम्मेच द्यावे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्यांना पहिले दोन-तीन आठवडे गाजराची अगदी पातळ किसलेली पट्टी पुरेशी असते.

हवेतील आर्द्रता ६० ते ७० टक्के असावी. ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली तर पिठातले माइट्स वाढू लागतात, आणि मीलवर्मच्या शेतीत सर्वांत जास्त वसाहती याच कारणाने बुडतात असे मला वाटते. माइट्स डोळ्यांना एकेकटे दिसत नाहीत. ट्रेच्या कडेवर आणि गाजराच्या तुकड्यांवर राखाडी-तपकिरी, पिठासारखी बारीक धूळ दिसते, ती हळूहळू सरकत असते आणि बोटांत चोळली तर तिला उग्रसर वास येतो. अशी धूळ दिसताच त्या ट्रेला ओला खुराक देणे पूर्ण थांबवावे, तो ट्रे दुसऱ्या खोलीत न्यावा, अळ्या बारीक चाळणीतून चाळून गोठवून शुद्ध केलेल्या नव्या कोंड्यात टाकाव्यात, जुना कोंडा बंद पिशवीत गोठवून मगच टाकून द्यावा, आणि ट्रे उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा. प्रादुर्भाव जास्त असेल तर ती तुकडी वाचवण्याचा मोह सोडावा. एका ट्रेची हानी सोसता येते, पण माइट्स हात, चमचा आणि चाळणीवरून सर्व ट्रेंमध्ये पसरले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रोजच्या कामाचा क्रमही याच कारणाने ठरवावा : आधी अंड्यांचे आणि लहान अळ्यांचे ट्रे, मग मोठ्या अळ्यांचे, शेवटी भुंगेऱ्यांचे, आणि शंकास्पद ट्रे सर्वांत शेवटी.

ट्रेमधून अमोनियाचा वास येणे ही दुसरी धोक्याची खूण आहे. निरोगी ट्रेला कोंड्याचा, थोडा मातकट वास येतो. अमोनिया आला की एकतर ओल जास्त आहे, विष्ठा साचली आहे किंवा कोठेतरी अळ्या मरून पडल्या आहेत.

भुंगेरे आणि अंडी

पैदाशीच्या ट्रेमध्ये ३ सेंटिमीटर जाडीचा बारीक दळलेला कोंडा पसरावा, त्यावर भुंगेरे सोडावेत आणि लपण्यासाठी जाड कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे काही तुकडे ठेवावेत. ६० × ४० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये हजारभर भुंगेरे बरे राहतात. अंडी दीड मिलिमीटरच्या आसपास लांब, पांढरी आणि चिकट असतात, त्यांना कोंड्याचे कण चिकटतात, त्यामुळे ती शोधून वेचण्याचा प्रयत्न करू नये. त्याऐवजी दर सात दिवसांनी भुंगेरे चाळून नव्या ट्रेमध्ये हलवावेत आणि जुना ट्रे, त्यातल्या कोंड्यासह आणि न दिसणाऱ्या अंड्यांसह, उबवणीसाठी बाजूला ठेवावा. त्यावर तारीख लिहावी.

सात दिवसांचा हा नियम पाळण्यामागे दोन हेतू आहेत. त्याहून जास्त काळ भुंगेरे त्याच ट्रेमध्ये राहिले तर ते अंडी आणि नव्या अळ्या खातात. शिवाय एका ट्रेमधील सर्व अळ्या जवळजवळ एकाच वयाच्या राहिल्या तर त्या एकदम काढणीला येतात आणि काही अळ्या कोषात, काही अर्ध्या वाढलेल्या अशी सरमिसळ होत नाही.

यानंतरचे तीन-चार आठवडे नवख्या माणसाची परीक्षा पाहतात. नुकत्याच फुटलेल्या अळ्या केसाएवढ्या बारीक असतात आणि ट्रे रिकामा वाटतो. अनेक जण याच वेळी निराश होऊन ट्रे टाकून देतात. तो मुळीच टाकू नये. कोंडा उजेडात धरून स्थिर नजरेने पाहिला तर पृष्ठभाग किंचित हलताना दिसतो, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास कोंड्याच्या तळाशी वाळूसारखी बारीक विष्ठा जमू लागते.

वाढीचे ट्रे आणि आठवड्याचा हिशोब

अळ्या वाढवताना कोंड्याचा थर ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. जास्त जाड थरात उष्णता अडकते, आणि मोठ्या अळ्यांची गर्दी स्वतःच लक्षणीय उष्णता निर्माण करते : खोलीचे तापमान २७ अंश असताना ट्रेच्या मध्यभागी ते त्याहून कित्येक अंश जास्त असू शकते. म्हणून तापमापक भिंतीवर टांगून समाधान मानू नये. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत तो अळ्यांच्या मधोमध खुपसून पाहावा. मधला भाग तापत असेल तर अळ्या दोन ट्रेंमध्ये विभागाव्यात. याच उष्णतेचा उपयोगही करून घेता येतो : झाकबंद, छोट्या खोलीत मोठ्या अळ्यांचे ट्रे खाली आणि अंड्यांचे ट्रे वर ठेवले तर वेगळ्या हीटरची गरज बरीच कमी होते.

उत्पन्नाचा अंदाज बांधताना साधे गणित पुरते. हजार भुंगेऱ्यांत अर्ध्या माद्या धरल्या आणि प्रत्येक मादी दिवसाला सरासरी ३ अंडी घालते असे मानले, तर आठवड्याला सुमारे १०,५०० अंडी मिळतात. त्यातील दोन तृतीयांश काढणीपर्यंत जगली तर ७,००० अळ्या होतात. पूर्ण वाढलेली अळी अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते. तिचे वजन ०.१२ ग्रॅम धरले तर एका आठवड्याच्या ट्रेमधून सुमारे ८४० ग्रॅम जिवंत अळ्या, आणि वाळल्यावर ३०० ग्रॅमच्या आसपास अन्न हाती येते. त्यासाठी जिवंत अळ्यांच्या साधारण दुप्पट वजनाचा कोरडा खुराक आणि त्याशिवाय गाजर लागते. दर आठवड्याला एक नवा ट्रे सुरू होतो आणि प्रत्येक ट्रे १० ते १२ आठवडे अडकतो, म्हणजे एकाच वेळी डझनभर ट्रे चालू ठेवण्याची तयारी हवी. सुरुवातीला प्रत्यक्ष उत्पन्न या गणितापेक्षा कमीच येईल असे धरून चालावे.

भुंगेऱ्यांची अंडी घालण्याची क्षमता दोन-अडीच महिन्यांनंतर उतरते, त्यामुळे दर आठवड्याच्या तुकडीतून २०० ते ३०० अळ्या पैदाशीसाठी राखाव्यात. त्या निवडताना केवळ सर्वांत मोठ्या अळ्या उचलण्याची चूक होऊ शकते, कारण अवाढव्य अळी अनेकदा कोषात जायला उशीर करणारी असते. जी अळी आकाराने चांगली असून लवकर कोषात जाते ती निवडावी. कोष दिसताच ते चमच्याने अलगद उचलून वेगळ्या, कोरड्या ट्रेमध्ये एकेरी थरात ठेवावेत आणि त्यातून भुंगेरे निघू लागले की दोन दिवसांआड ते बाजूला करावेत.

काढणी

तुकडीतील पहिले काही कोष दिसू लागले की काढणीची वेळ झाली असे समजावे. आधी बारीक चाळणीने विष्ठा गाळावी, मग मोठ्या चाळणीने अळ्या वेगळ्या कराव्यात आणि मेलेल्या, काळ्या पडलेल्या अळ्या हाताने काढून टाकाव्यात. जिवंत अळी पिवळसर, चमकदार आणि हलणारी असते. काळवंडलेली व मऊ अळी कोणत्याही कारणाने अन्नात जाऊ देऊ नये.

त्यानंतर अळ्या स्वच्छ, रिकाम्या ट्रेमध्ये किमान २४ तास उपाशी ठेवाव्यात म्हणजे आतडे रिकामे होते. युरोपीय परवानगीतही २४ तासांचीच किमान अट आहे. हा काळ फार लांबवला तर अळ्या एकमेकींना कुरतडतात. उपवासानंतर पुन्हा एकदा चाळून, थंड पाण्याने झटपट धुऊन निथळावे.

मारण्यासाठी उकळते पाणी ही मला सर्वांत योग्य पद्धत वाटते. आधी फ्रिजमध्ये थंड करून अळ्या निपचित होऊ द्याव्यात, मग त्यांच्या वजनाच्या दहापट जोरात उकळत्या पाण्यात त्या एकदम सोडाव्यात. पाणी भरपूर असल्यामुळे उकळी मोडत नाही आणि मृत्यू काही सेकंदांत येतो. पाणी पुन्हा खळखळू लागल्यापासून तीन ते पाच मिनिटे ठेवावे. या उकळण्याने दोन कामे एकदम होतात : बहुतेक जिवाणू मरतात, आणि अळीला काळपट करणारी विकरे निकामी होतात. न उकळता गोठवलेल्या अळ्या वितळताना काळ्या पडतात त्याचे कारण हेच.

येथे एक गंभीर इशारा. उकळल्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, आणि अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सीरियस हा बीजाणू बनवणारा जिवाणू आहे. उकळलेल्या अळ्या कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिल्या तर ते बीजाणू रुजतात. म्हणून पाणी निथळताच अळ्या बर्फाच्या पाण्यात टाकून थंड कराव्यात आणि लगेच पुढच्या तीनपैकी एक मार्ग धरावा : ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत शिजवणे, उणे १८ अंशांवर गोठवणे, किंवा लागलीच वाळवणे.

वाळवणे आणि साठवण

ताज्या अळीत ६० टक्क्यांहून अधिक पाणी असते. डिहायड्रेटरमध्ये किंवा पंखा असलेल्या ओव्हनमध्ये ६० ते ७० अंशांवर, एकेरी थरात, हवा खेळती ठेवून वाळवावे. किती तास लागतील हे यंत्रावर अवलंबून असते, त्यामुळे घड्याळाऐवजी वजनकाट्यावर विसंबावे. वजन मूळच्या साधारण एक तृतीयांशावर येते. त्यानंतर तासाभराच्या अंतराने केलेल्या दोन तोलांत फरक पडेनासा झाला आणि अळी दोन बोटांत कुडकन मोडली की ती वाळली. अंतिम ओलावा ५ टक्क्यांच्या खाली असावा. मोडताना ती वाकली तर आत ओल आहे.

वाळलेल्या मीलवर्मच्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चरबीचा असतो आणि ती बहुतांशी असंतृप्त असल्याने उजेड, उष्णता व हवा यांनी खवट होते. पूर्ण थंड झाल्यावरच हवाबंद, अपारदर्शक डब्यात भरावे, डब्यावर तुकडीची तारीख लिहावी आणि थंड जागी ठेवावे. याच चरबीमुळे पीठ दळताना गोळे होतात. अळ्या आधी फ्रिजमध्ये थंड करून थोड्या थोड्या, थांबून थांबून दळल्या तर पीठ मोकळे निघते. पीठ अख्ख्या अळ्यांपेक्षा लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढेच दळावे.

खाणाऱ्याला काय सांगावे

झिंगे, खेकडे किंवा घरातील धुळीच्या माइट्सची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला मीलवर्मचीही ॲलर्जी होऊ शकते, कारण ट्रोपोमायोसिनसारखी प्रथिने या सर्व प्राण्यांत जवळजवळ सारखी असतात. शिजवल्याने हा धोका जात नाही. कोंड्यावर वाढवलेल्या अळीत गव्हाचे ग्लुटेनही राहू शकते. या दोन्ही गोष्टी पदार्थ पुढे करण्याआधी तोंडी आणि विक्री असेल तर वेष्टनावर ठळकपणे सांगणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. कच्ची अळी कोणालाही देऊ नये.

प्रथिनांचा आकडा छापतानाही प्रामाणिक राहावे. अन्नातील प्रथिने मोजताना नायट्रोजनचे प्रमाण ६.२५ ने गुणण्याची पद्धत आहे, परंतु कीटकांच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि तो प्रथिन म्हणून मोजला जातो. मीलवर्मच्या अळीसाठी संशोधकांनी ४.७६ हा गुणक सुचवला आहे. जुन्या गुणकाने ६० टक्के दिसणारी प्रथिने नव्या गुणकाने सुमारे ४६ टक्के भरतात. हा आकडाही उत्तमच आहे, त्यामुळे फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. विक्री करणाऱ्याने आपल्या देशातील वेष्टनाचा नियम कोणता गुणक मागतो तेही पाहावे.

नोंदी आणि उरलेला माल

प्रत्येक ट्रेवर एक कार्ड असावे : अंडी घालण्याचा आठवडा, कोंड्याच्या पोत्याची खूण, यीस्टचे प्रमाण, काढणीची तारीख, काढलेले वजन, मृत अळ्यांबद्दल शेरा. एखाद्या तुकडीत मृत्यू वाढले तर कोणते पोते कोणकोणत्या ट्रेमध्ये गेले हे या कार्डांवरूनच कळते, आणि वाळवलेल्या डब्यापासून मागे त्या पोत्यापर्यंत माग काढता येतो.

चाळून उरलेली विष्ठा हे नायट्रोजनयुक्त चांगले खत आहे, पण तिच्यात अंडी, बारीक अळ्या आणि माइट्स असू शकतात, आणि हा भुंगेरा साठवलेल्या धान्याचा नुकसानकारक कीटक आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे विष्ठा किमान ७० अंशांवर किमान ६० मिनिटे तापवल्यावरच खत म्हणून बाहेर जाते, आणि नियम लागू नसेल तेथेही हीच पद्धत पाळावी. म्हातारे भुंगेरे, टाकून दिलेल्या तुकड्या आणि दूषित कोंडा घट्ट बंद पिशवीत दोन-तीन दिवस गोठवूनच फेकावा. जिवंत भुंगेरे किंवा अळ्या कोठेही मोकळ्या सोडू नयेत.